तेरा वर्षांच्या मनीची वारंवार होणारी उलटी: कारण कसे शोधावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातली मनी ही साधी देशी मांजरी १३ वर्षांची आहे. गेले सहा महिने ती आठवड्यातून दोन-तीनदा उलटी करते. कधी त्यात केस असतात, कधी नुसते पिवळसर पाणी, तर कधी तासाभरापूर्वी खाल्लेले अन्न. जवळच्या दवाखान्यात प्रत्येक वेळी उलटी थांबवण्याचे इंजेक्शन मिळते, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. ती जेवते, पण कुरवाळताना पाठीचा कणा हाताला लागू लागला आहे आणि पाण्याच्या भांड्याशी ती पूर्वीपेक्षा जास्त वेळा दिसते. दोन वर्षांपूर्वी तिचे वजन ४.४ किलो होते, आता ३.७ किलो भरले. हे वयामुळे होते आहे का आणि आता काय करावे, असे आपण विचारले आहे.

हे वयामुळे होत नाही. म्हातारपणी मांजरीची झोप वाढते, उड्या कमी होतात, अंगावरचा केस थोडा राठ होतो. पण आठवड्यातून दोन-तीनदा उलटी होणे हे म्हातारपणाचे लक्षण नाही. त्यामागे आजार असतो आणि बहुतेक वेळा तो शोधता येतो. आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते वजनाचे आकडे. ४.४ वरून ३.७ म्हणजे ७०० ग्रॅमची घट, आणि हे ऐकायला फार वाटत नसले तरी ती मूळ वजनाच्या सुमारे १६ टक्के आहे. ७० किलोच्या माणसाचे वजन प्रयत्न न करता ११ किलोंनी उतरले, तर घरचे लोक त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेतील. मांजरीच्या अंगावर केस असल्यामुळे ही घट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दहा वर्षांवरील प्रत्येक मांजराचे वजन दर महिन्याला करून लिहून ठेवावे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सांगतो. तान्ह्या बाळाचा वजनकाटा त्यासाठी उत्तम असतो. तो नसेल तर मांजराला पिशवीत किंवा टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या मोठ्या काट्यावरही काम होते.

तपासण्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करून घ्यावी लागेल, ती म्हणजे मनी करते ती खरोखर उलटीच आहे का. खऱ्या उलटीच्या आधी मांजर अस्वस्थ होते, लाळ गाळते, ओठ चाटते, जागा बदलते. मग पोट आत-बाहेर जोराने हलते, उमासे येतात आणि त्यानंतर पदार्थ बाहेर पडतो. याउलट अन्ननलिकेत अडलेले अन्न पोटाला कसलाही जोर न लावता, मान खाली घालताच घरंगळत बाहेर येते. ते न पचलेले आणि बरेचदा नळीच्या आकाराचे असते. तिसरा प्रकार खोकल्याचा. दम्याचे मांजर जमिनीसरसे बसते, मान पुढे ताणते आणि घशात काही अडकल्यासारखा आवाज करते, पण शेवटी बाहेर काहीच पडत नाही किंवा थोडा फेस पडतो. ‘केसाचा गोळा निघत नाही’ म्हणून आणलेली कितीतरी मांजरे प्रत्यक्षात दम्याची निघाली आहेत. तोंडी वर्णनावरून हा फरक करणे मलाही अवघड जाते, तेव्हा पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. अर्ध्या मिनिटाच्या अशा चित्रणाने कधी कधी निम्म्या तपासण्या वाचतात.

अन्ननलिकेचा विषय निघालाच आहे, तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाबद्दलही सांगायला हवे. हे औषध आपल्याकडे मांजरांना बऱ्याच वेळा दिले जाते. त्याची कोरडी गोळी किंवा कॅप्सूल मांजराच्या अन्ननलिकेत चिकटून राहिली, तर तिथे जखम होते आणि जखम भरताना नळी आक्रसते. त्यानंतर मांजर प्रत्येक घासाला अन्न परत काढू लागते. त्यामुळे मांजराला कोणतीही गोळी दिली की लगेच सिरिंजने ५-६ मिली पाणी हळूहळू पाजावे किंवा थोडे ओले अन्न भरवावे. मनीला सहा महिन्यांपूर्वी अशा गोळ्या दिल्या होत्या का, हे आठवून डॉक्टरांना अवश्य सांगा.

आता केसांविषयी. मांजर दिवसभर अंग चाटते, केस गिळते आणि ते बहुतांशी शीवाटे निघून जातात. लांब केसांच्या मांजराने अधूनमधून एखादा गोळा ओकणे मी चालवून घेतो. पण आखूड केसांची देशी मांजरी आठवड्यात दोनदा केस ओकत असेल, तर दोनच शक्यता उरतात: ती कशामुळे तरी प्रमाणाबाहेर चाटते आहे, किंवा जठर आणि आतडे केस पुढे ढकलण्याचे काम नीट करत नाहीत. म्हणजे उलटीत दिसणारे केस हे पुष्कळदा आजाराचे कारण नसून परिणाम असतात. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः अशा मांजरांना केस निघून जाण्यासाठीची पेस्ट देऊन घरी पाठवत असे. त्यांतली काही वर्षभराने हाडांचा सापळा होऊन परत आली आणि त्यांच्या आतड्याच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या. ते मला आजही खटकते. माल्टची पेस्ट द्यायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबून तपासणी लांबवू नये. एरंडेल किंवा लिक्विड पॅराफिन मात्र जबरदस्तीने तोंडात कधीही ओतू नये. पॅराफिनला चव नसल्यामुळे ते गिळताना श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरतो.

पहिली पायरी म्हणजे रक्त, लघवी आणि रक्तदाब यांची तपासणी. मनीचे पाणी पिणे वाढले आहे, हे लक्षात घेता ही तपासणी मी याच आठवड्यात करून घेईन. दोन-तीन दिवस मापून पाणी ठेवा आणि उरलेले मोजा. दिवसाकाठी दर किलो वजनामागे १०० मिलीहून अधिक पाणी पिणे हे निश्चितपणे आजाराचे लक्षण आहे, आणि ओले अन्न खाणारी मांजरी ५० मिलीच्या वर जात असेल तरी मी संशय घेतो. मनीच्या वजनाला हे आकडे अनुक्रमे ३७० आणि १८५ मिली होतात.

या वयात पहिला संशय मूत्रपिंडांवर जातो. मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात साचणारी द्रव्ये मेंदूतील उलटीचे केंद्र चेतवतात आणि मळमळ सुरू होते. पण नुसत्या क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडे गाळून टाकतात त्या टाकाऊ द्रव्याच्या रक्तातील पातळीवर, निदान करणे धोक्याचे आहे, कारण मूत्रपिंडांचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत ते वाढत नाही. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते, त्यामुळे मनीसारख्या वाळलेल्या मांजरीत ते खोटेच चांगले दिसते. म्हणून त्याच दिवशी लघवीचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. निरोगी मांजराची लघवी दाट असते आणि हा आकडा साधारणपणे १.०३५ च्या वर राहतो. तो सतत खाली असेल तर मूत्रपिंडे लघवी दाट करण्यात कमी पडत आहेत, असे समजावे. एसडीएमए ही रक्तातली चाचणी स्नायूंवर कमी अवलंबून असल्याने उपलब्ध असेल तर करून घ्यावी.

इथे एक चूक फार होते आणि ती जाणत्या हातूनही होते. मूत्रपिंडांच्या आजाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात क्रिएटिनिन १.६ ते २.८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असणे म्हणजे दुसरा टप्पा, २.९ ते ५.० म्हणजे तिसरा आणि त्यापुढे चौथा. म्हाताऱ्या मांजरीचे क्रिएटिनिन २.० आले की ‘किडनी खराब आहे’ असे सांगून फाईल बंद केली जाते. परंतु दुसऱ्या टप्प्यातील मूत्रपिंडे सहसा आठवड्यातून तीन उलट्या घडवत नाहीत. तो आजार असेल तर त्यावर उपचार जरूर करावेत, पण उलटीचे सगळे खापर त्याच्यावर फोडून आतड्याकडे दुर्लक्ष करू नये. या वयाच्या मांजरीत एकाच वेळी दोन-तीन दुखणी असणे हे नेहमीचेच आहे.

त्याच रक्तातून थायरॉईडच्या टी-४ या संप्रेरकाची चाचणी करावी. मांजरांमधील अतिरिक्त थायरॉईडचा आजार १९७९ साली प्रथम वर्णिला गेला. माझ्याकडे तो मूत्रपिंडांच्या आजाराच्या मानाने कमी दिसतो, पण भरपूर खाऊनही वाळणारी, उलट्या करणारी, पाणी जास्त पिणारी मांजरी हे त्याचे ठरलेले चित्र असते आणि मनीचे वर्णन त्याच्याशी बरेच जुळते. थायरॉईड वाढलेला असताना मूत्रपिंडांकडे रक्त जोराने वाहते, त्यामुळे त्यांचा बिघाड झाकला जातो आणि थायरॉईड काबूत आल्यावर तो उघडा पडतो. म्हणून कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्त पुन्हा तपासावे लागते. ही औषधे स्वतःच काही मांजरांना उलट्या आणतात, हेही ध्यानात असावे. रक्तदाब मोजायचा तो यासाठी, की मूत्रपिंड आणि थायरॉईड या दोन्ही आजारांत तो वाढतो आणि १६० च्या वर टिकून राहिला तर डोळ्यांतील पडदा सुटून मांजरी एका रात्रीत आंधळी होऊ शकते. दवाखान्यात घाबरल्यानेही दाब वाढतो. म्हणून तिला दहा-पंधरा मिनिटे शांत बसू द्यावे आणि मग पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्यावी.

मधुमेह याच रक्त-लघवीत कळतो. रक्तातली साखर केवळ भीतीनेही वाढते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. बद्धकोष्ठता हाताने पोट चाचपून कळते, आणि लघवीच्या रेतीत जोर करून नंतर उलटी करणाऱ्या म्हाताऱ्या मांजरी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. जंतांचे औषध गेल्या तीन महिन्यांत दिले नसेल तर वजन पाहून द्यावे.

रक्त आणि लघवीने उत्तर मिळाले नाही, किंवा मिळालेले उत्तर अपुरे वाटले, तर पुढची पायरी पोटाच्या सोनोग्राफीची. इथे थोडा अधिक वेळ घेतो, कारण माझ्या अनुभवात खाऊनपिऊन वाळत जाणाऱ्या आणि उलट्या करणाऱ्या म्हाताऱ्या मांजरींत सर्वाधिक वेळा दोष लहान आतड्यात सापडतो. तो मुख्यतः दोन प्रकारचा असतो: आतड्याच्या भिंतीला आलेली जुनाट सूज, आणि लिम्फोमा नावाच्या कर्करोगाचा मंद गतीने वाढणारा प्रकार. दोन्हींत उलटी, वजन घटणे आणि कधी पातळ शी ही लक्षणे सारखीच. सोनोग्राफीत दोन्हींमध्ये आतड्याचा स्नायूंचा थर जाड दिसू शकतो, लसिकाग्रंथी सुजलेल्या दिसू शकतात. पण हे की ते, याचा निवाडा सोनोग्राफी करू शकत नाही. त्यासाठी आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, दुर्बिणीतून किंवा पोट उघडून. सोनोग्राफी करणारी व्यक्ती मांजराच्या आतड्याचे थर मोजण्याचा सराव असलेली असावी, हे मी आग्रहाने सांगेन. ‘पोटात गाठ नाही, सगळे नॉर्मल’ एवढ्या अहवालाचा आपल्याला उपयोग नाही. भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मागावी.

‘कर्करोग’ या शब्दाने धीर सोडू नये. मंद गतीचा लिम्फोमा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि क्लोरॅम्ब्युसिल हे कर्करोगाचे औषध या तोंडाने द्यायच्या औषधांना चांगला प्रतिसाद देतो आणि अशा अनेक मांजरी दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ खातपीत, अंगणात ऊन घेत काढतात. मांजरांना या औषधांनी माणसांप्रमाणे केस गळण्याचा किंवा अंथरुणाला खिळण्याचा त्रास सहसा होत नाही. १३ वर्षांच्या मांजरीला भूल देऊन आतड्याचा तुकडा काढायचा की नाही, हा निर्णय प्रत्येक घराचा वेगळा असतो. जे कुटुंब नको म्हणते त्याला मी दोष देत नाही. अशा वेळी सोनोग्राफीवरून अंदाज बांधून उपचार करता येतात, फक्त तो अंदाज आहे हे दोघांनीही मान्य केलेले असावे.

मात्र स्टिरॉइड हे या क्रमात शेवटचे आहे, पहिले नाही. तपासणीआधी प्रेडनिसोलोन दिले की सूज उतरते, आठ दिवस भूक सुधारते आणि घरात आनंद होतो; पण लिम्फोमाच्या पेशी दडतात, नंतर काढलेला तुकडा काही सांगत नाही आणि लपलेला मधुमेह वर येतो. म्हणून कोणी ‘एक स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन पाहू’ म्हटले, तर रक्त, लघवी आणि सोनोग्राफी होईपर्यंत थांबण्याची नम्र विनंती आपण करावी.

आहाराचा प्रयोग मात्र रक्ताचे अहवाल आले की लगेच सुरू करता येतो. जुनाट सुजेच्या कित्येक मांजरी केवळ अन्न बदलल्याने सुधारतात, आणि पोटाच्या तक्रारींत फरक पडायचा असेल तर तो बहुधा दोन आठवड्यांत दिसतो. यासाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले खास अन्न मिळते. नाही तर मनीने आयुष्यात कधी न खाल्लेले मांस निवडावे. आपल्याकडे मांजरे कोंबडी आणि मासळीवर वाढतात, त्यामुळे मसाला, कांदा, लसूण यांशिवाय शिजवलेले बोकडाचे मांस दोन-तीन आठवड्यांच्या प्रयोगासाठी चालते. ते कायमचे अन्न म्हणून चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि इतर घटक पुरेसे नसतात. मूत्रपिंडांचा दोष निघाला तर कमी फॉस्फरसचे अन्न आधी, म्हणून हा प्रयोग डॉक्टरांना विचारून करावा. आणि प्रयोगाच्या दिवसांत दूध, बिस्किटाचा तुकडा, शेजारच्या काकूंनी प्रेमाने टाकलेली बोंबलाची डोकी, हे सगळे बंद. नव्वद टक्के पाळलेला आहारप्रयोग न पाळल्यासारखाच असतो.

ब-१२ जीवनसत्त्वाचाही उल्लेख करतो. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते, त्यामुळे आतड्याच्या जुनाट आजारात त्याची कमतरता होते आणि कमतरता असेपर्यंत बाकीचे उपचार म्हणावे तसे लागू पडत नाहीत. मांजरीला आठवड्यातून एकदा २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन कातडीखाली, असे सहा आठवडे, आणि मग एका महिन्याने आणखी एक, ही रूढ पद्धत आहे. औषध स्वस्त आणि सुरक्षित आहे. रक्ताची पातळी तपासण्याची सोय नसेल तरी आतड्याचा संशय बळकट असताना मी ते देतो.

उलटी थांबवणारी औषधे वाईट नाहीत. मारोपिटंट किंवा ओन्डान्सेट्रॉनने मळमळ कमी होते, मांजरी खाऊ लागते आणि खाणे टिकले की बाकी उपचारांना वेळ मिळतो. सहा महिन्यांत पुन्हा पुन्हा तेच इंजेक्शन देऊन कारण न शोधणे, एवढीच माझी तक्रार आहे. घरातली माणसांची औषधे मात्र देऊ नयेत. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. ओवा, हिंग, आल्याचा रस यांनी जळजळ वाढते, तेही टाळावेत.

आणि उलटी झाली म्हणून मांजरीला उपाशी ठेवू नये. कुत्र्याला एक दिवस लंघन चालते, मांजराचे तसे नाही; विशेषतः अंगाने भरलेले मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले की यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. मनीला दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे, कोमट करून ओले अन्न द्या. रक्ततपासणीच्या आधी सहा-आठ तास उपास पुरेसा असतो, आणि पाणी तेव्हाही बंद करू नये.

काही लक्षणांना मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. चोवीस तास काहीही न खाणे, दिवसात तीन-चार उलट्या, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा रंग, लघवी बंद होणे, कोपऱ्यात लपून हाक मारूनही न येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात लिलीच्या फुलांचा गुच्छ असेल आणि त्याची पाने कुरतडलेली दिसली तर लक्षणांची वाटही पाहू नये. लिलीचे परागकणसुद्धा मांजराची मूत्रपिंडे बंद पाडतात. तसेच जिभेखाली पाहावे. एका १२ वर्षांच्या बोक्याला उलट्यांसाठी आणले होते आणि त्याच्या जिभेच्या मुळाशी गजऱ्याचा दोरा अडकलेला होता, दुसरे टोक आतड्यात. असा दोरा, मग तो मांज्याचा असो वा राखीचा, तोंडातून किंवा शीच्या जागेतून लोंबताना दिसला तरी ओढू नये. ताणला की तो आतडे करवतीसारखे कापतो. त्याला शस्त्रक्रियाच लागते.

तालुक्याच्या गावी सोनोग्राफीची सोय नसेल, तर तिथेच वजन, क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन आणि लघवीचे विशिष्ट गुरुत्व एवढे तरी होऊ शकते, आणि तेवढ्यावरून शहरात जाण्याची निकड किती हे ठरवता येते. मनीच्या बाबतीत रक्त, लघवी, टी-४ आणि रक्तदाब या आठवड्यात, अहवाल हाती आल्यावर आहाराचा निर्णय, आणि कारण स्पष्ट झाले नाही तर पंधरा दिवसांच्या आत सोनोग्राफी, असा क्रम मी धरीन. दवाखान्यात जाताना उलटीचे चित्रण, आजवर दिलेल्या औषधांची नावे आणि उलट्यांची तारीखवार नोंद सोबत न्यावी. पुढचे सहा आठवडे दर रविवारी, सकाळी, जेवणाआधी तिचे वजन करा. उपचार सुरू होऊन तीन आठवडे झाले, उलट्या थांबल्या आणि तरीही काटा ३.७ च्या खाली सरकत राहिला, तर औषध लागू पडले असे मानू नका. त्याच आठवड्यात पुन्हा तपासणीला न्या.